डीएनए ओरिगामी शरीरात टिकेल का? प्रयोगाला बसण्याआधी हे वाचा

डीएनए ओरिगामी म्हणजे डीएनएच्या धाग्याला घड्या घालून बनवलेली नॅनोमीटर आकाराची रचना. तिच्या प्रकल्पावर रुजू झालेला विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतो, "ही रचना रक्तात टिकते का हो?" याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. कोणत्या द्रावात, किती तापमानाला, किती तास, आणि टिकली हे कशावरून ठरवलं, या चार गोष्टी सांगितल्या तरच त्या वाक्याला अर्थ येतो. त्यामुळे संरक्षक थर, रसायनं, किट यांच्या मागे लागण्याआधी आपली रचना नक्की कशामुळे मोडते हे स्वतः मोजून घ्या. कसं मोजायचं ते पुढे क्रमाने सांगते.

हे मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे: ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या छोट्या प्रयोगशाळांत, नेरूळ-कामोठ्याच्या वैद्यकीय विद्यापीठांत किंवा खारघरच्या कर्करोग संशोधनाच्या वातावरणात काम सुरू करणारे. पीसीआर यंत्र, जेलचं (डीएनएचे रेणू विजेने ओढून वेगळे करण्याचं) साहित्य, ३७ अंशांचा इन्क्युबेटर आणि बर्फ एवढं हाताशी असलं की बहुतेक काम होतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मात्र बहुधा दुसरीकडे जाऊन वापरावा लागेल.

रचना काय असते

जिवाणूंना ग्रासणाऱ्या एम१३ या विषाणूचा ७,२४९ न्यूक्लिओटाइडांचा एकेरी, गोलाकार धागा म्हणजे स्कॅफोल्ड. गोधडीतले टाके जसे वेगवेगळे थर एकत्र धरून ठेवतात, तसे साधारण दोनशे छोटे धागे, म्हणजे स्टेपल, या लांब धाग्याचे दूरदूरचे भाग जवळ आणून बांधतात. डीएनएचा वापर बांधकामासाठी करायची कल्पना नेड्रियन सीमन यांनी १९८०च्या दशकात मांडली. २००६ मध्ये पॉल रोथेमुंड यांनी सुमारे १०० नॅनोमीटरचा हसरा चेहरा घडवून ओरिगामीची पद्धत दाखवली. २००९ मध्ये विल्यम शिह यांच्या गटाने तीच पद्धत त्रिमितीत नेली. औषधवाहक म्हणून तिच्याकडे लक्ष गेलं ते त्यानंतर: २०१२ मध्ये ॲप्टामरच्या, म्हणजे ठरावीक रेणूला धरणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांच्या, कुलपांनी उघडणारा डीएनएचा पिंप आला आणि २०१८ मध्ये उंदरांच्या गाठीपर्यंत थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं प्रथिन पोचवून तिथला रक्तपुरवठा बंद करणारी रचना आली.

ती मोडते कशामुळे

मुख्य कारणं दोन. दोन्ही वेगवेगळी धरली तरच पुढचं कोडं सुटतं.

पहिलं कारण मिठाचा, म्हणजे मॅग्नेशियमच्या क्षाराचा, तुटवडा. डीएनएच्या प्रत्येक फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो. ओरिगामीत डीएनएची वेटोळी एकमेकांना खेटून बसवलेली असतात, म्हणून ती एकमेकांना ढकलत राहतात. मॅग्नेशियम हे ढकलणं आवरतं. घडण करताना आपण साधारण १० ते २० मिलिमोलर मॅग्नेशियम देतो. रक्तात ते १ मिलिमोलरच्या आतच असतं. पेशी वाढवायच्या माध्यमांतही तीच तऱ्हा: डीएमईएममध्ये सुमारे ०.८, आरपीएमआयमध्ये सुमारे ०.४ मिलिमोलर. शिवाय फॉस्फेटही मॅग्नेशियम ओढून घेतं, आणि आरपीएमआयमध्ये ते साडेपाच मिलिमोलरच्या वर आहे, डीएमईएममध्ये १ मिलिमोलरच्या आसपास. म्हणजे एकाच रचनेचं दोन माध्यमांत वेगळं वागणं स्वाभाविक आहे. "पेशींच्या माध्यमात टिकली" असं लिहिताना माध्यमाचं नाव गाळू नका.

दुसरं कारण न्यूक्लिएज, म्हणजे डीएनए तोडणारी एंझाइम. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, मुख्यतः डीएनेझ १ च्या जातीची एंझाइम असतात. दाट बांधणीच्या रचनेत त्यांना शिरायला जागा कमी मिळते, म्हणून ती हळू तुटते. पण दाट रचनेला उभं राहायला मॅग्नेशियमही जास्त लागतं. ही ओढाताण या क्षेत्रात सगळीकडे दिसेल. एकाला सोडवायला गेलात की दुसरं बिघडतं.

पहिली पायरी: बफर, आणि पावसाळा

घडणीचा बफर साधा आहे: ट्रिस ५ ते १० मिलिमोलर, ईडीटीए १ मिलिमोलर, आणि मॅग्नेशियम क्लोराइड. सपाट रचनेला १२.५ मिलिमोलर हा बरा आरंभबिंदू. त्रिमितीयसाठी १०, १२, १४ असे २० पर्यंत टप्पे लावून पाहा.

इथे आपल्या हवेचा प्रश्न येतो. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट हवेतलं पाणी शोषून घेतं. जुलैत आपल्याकडे उघडलेली बाटली पाहा: खडे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेलं, स्पॅच्युलाला लागलेला कण काही मिनिटांत ओलसर चमकायला लागलेला. तराजूवर ठेवलं की आकडा सरकत राहतो. अशा मिठाचे २०३.३ ग्रॅम घेऊन केलेलं "१ मोलर" द्रावण प्रत्यक्षात १ मोलर नसतं, आणि पुढचे सगळे प्रयोग त्या आकड्यावर उभे असतात. तयार १ मोलर द्रावण विकत घ्या. ते परवडत नसेल तर नवी सीलबंद बाटली उघडल्या उघडल्या सगळी एकदम विरघळवा आणि मग मोजा. मोजायला बी.एस्सी.ला पाण्याची दुष्फेनता काढायला केलेलं ईडीटीए टायट्रेशन पुरतं: पीएच १०, एरिओक्रोम ब्लॅक टी, वाइनसारख्या लाल रंगाचा निळा झाला की थांबायचं. द्रावणाच्या बाटलीवर मोजलेला आकडा आणि तारीख लिहा.

दुसरी पायरी: घडण आणि शुद्धीकरण

स्कॅफोल्ड १० नॅनोमोलर, प्रत्येक स्टेपल त्याच्या पाच ते दहापट. सपाट रचना पीसीआर यंत्रात ९५ अंशांपासून खोलीच्या तापमानापर्यंत दोन तासांत उतरवली तरी चालते. त्रिमितीय रचनेला ६० ते ४० अंशांच्या टापूत कित्येक तास, कधी दिवस द्यावे लागतात.

शुद्धीकरण टाळू नका. उरलेले स्टेपल तसेच राहिले तर टिकाऊपणाच्या प्रयोगात ते न्यूक्लिएजचं लक्ष स्वतःकडे वळवतात आणि रचना आहे त्यापेक्षा मजबूत भासते. १०० किलोडाल्टनची गाळणी किंवा पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) ८००० घालून साका बसवणं, दोन्ही चालतं. साका पद्धतीत पीईजी उरतं. पुढे आवरण चढवायचं असेल तर मी गाळणी घेते.

शुद्ध नमुना ४ अंशांना ठेवा. गोठवायचाच असेल तर ट्रेहॅलोजसारखं संरक्षक द्रव्य घाला आणि वितळवल्यावर जेलवर एकदा तपासून घ्या.

तिसरी पायरी: चार नळ्यांचा प्रयोग

माझ्या मते या सगळ्यात जास्तीत जास्त शिकवणारा प्रयोग हाच, आणि नवे लोक नेमका हाच गाळतात. ओरिगामी थेट सीरममध्ये टाकतात, चोवीस तासांनी जेलवर डाग पसरलेला दिसतो आणि "न्यूक्लिएजने तोडली" असं लिहून मोकळे होतात. कदाचित मीठच कमी पडलं असेल.

चार नळ्या लावा. पहिलीत नुसतं डीएमईएम. दुसरीत डीएमईएम, पण मॅग्नेशियम ६ मिलिमोलरपर्यंत वाढवलेलं. तिसरीत डीएमईएम आणि १० टक्के गाईच्या गर्भाचं सीरम, म्हणजे एफबीएस. चौथीत सीरमही आणि जादा मॅग्नेशियमही. सोबत दोन साक्षीदार: घडणीच्या बफरमध्येच ३७ अंशांना ठेवलेली ओरिगामी, आणि शुद्ध डीएनेझ १ घातलेली ओरिगामी. सगळीकडे ओरिगामीचं प्रमाण सारखं.

पहिली मोडली आणि दुसरी शाबूत राहिली, तर दोष मिठाचा. दुसरी शाबूत आणि चौथी मोडली, तर दोष न्यूक्लिएजचा. तिसरी चौथीपेक्षा बरीच लवकर गेली, तर दोन्ही हात लागले आहेत: सैल झालेली रचना एंझाइमला जास्त सहज सापडते. एक सावधगिरी मात्र बाळगा. डीएनेझ १ ला स्वतःलाच मॅग्नेशियम आणि कॅल्शियम लागतं, त्यामुळे चौथ्या नळीत एंझाइमचा जोरही थोडा बदलू शकतो.

आता एक हिशेब जो हमखास निसटतो. ओरिगामीचा साठा १२.५ मिलिमोलर मॅग्नेशियममध्ये आहे आणि तुम्ही तो दहास एक या प्रमाणात माध्यमात मिसळलात, तर साठ्यासोबत १.२५ मिलिमोलर मॅग्नेशियम आलं. डीएमईएमचं स्वतःचं ०.८ च्या घरात. म्हणजे नळीत ते २ मिलिमोलरच्या आसपास पोचलं, रक्तात असतं त्याच्या दुप्पट. रचना टिकली, पण तुम्ही दिलेल्या मदतीवर. साठा आधी दाट करा आणि पन्नासास एक किंवा त्याहून कमी प्रमाणात घाला, किंवा निदान हा आकडा वहीत आणि लेखात स्पष्ट नोंदवा.

वेळा ठेवा ०, अर्धा, १, २, ४, ८ आणि २४ तास. हा प्रयोग उलट्या क्रमाने लावला तर सोपा जातो: २४ तासांची नळी आदल्या दिवशी, ८ तासांची सकाळी, आणि असं करत सगळ्या नळ्या एकाच वेळी संपतील असं बघा. मधेच थांबवण्यासाठी ईडीटीए घालायचा मोह होतो. ईडीटीए एंझाइम थांबवतं हे खरं, पण मॅग्नेशियम काढून घेऊन ओरिगामीही उलगडतं. सगळं एकाच वेळी संपवलं की हा पेचच येत नाही.

सीरमबद्दल आणखी थोडं. ५६ अंशांना तापवलेलं "हीट इनॲक्टिव्हेटेड" सीरम म्हणजे न्यूक्लिएजमुक्त सीरम, असं धरू नका. ५६ अंशांची ती प्रक्रिया रक्तातली कॉम्प्लिमेंट ही प्रतिकारशक्तीची प्रथिनं निष्क्रिय करण्यासाठी असते. न्यूक्लिएज दाबायला ७५ अंशांपर्यंत जावं लागतं, आणि तितक्या उष्णतेत बाकीची प्रथिनंही बदलतात. प्रत्येक लॉटचा जोर वेगळा, म्हणून संपूर्ण मालिका एकाच लॉटवर करा आणि लॉट क्रमांक लिहून ठेवा. मानवी नमुना घ्यायचा तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी, आणि नळी साधी, सीरमची. ईडीटीएच्या नळीतला प्लाझ्मा मॅग्नेशियमच हिरावून घेतो. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन स्वतः दाट ऋणप्रभारी आहे. धनप्रभारी आवरण चढवलेली ओरिगामी त्यात टाकलीत तर ते आवरण खेचून काढू शकतं.

चौथी पायरी: जेल वाचणं

दोन टक्के अगारोज, अर्ध्या ताकदीचा टीबीई बफर, आणि जेलमध्ये व टाकीतल्या बफरमध्ये दोन्हीकडे ११ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. ७० व्होल्ट, दोन ते तीन तास. मॅग्नेशियममुळे प्रवाह वाढून टाकी तापते, म्हणून ती बर्फात ठेवायची. मे महिन्यात ठाण्यात बर्फ तासाभरात पाणी होतो, बदलत राहा.

सीरमचे नमुने तसेच भरले तर प्रथिनं डीएनएला चिकटून पट्टी वाकडी होते किंवा विहिरीतच, म्हणजे नमुना भरायच्या जेलमधल्या खाचेतच, अडकते. भरण्याआधी प्रोटिनेज के हे प्रथिनं तोडणारं एंझाइम द्या, आणि शून्य वेळेच्या नमुन्यालाही तेवढंच द्या.

मग पाहायचं ते असं. धारदार, पुढे गेलेली एक पट्टी म्हणजे नीट घडलेली एकेक रचना. तिच्या मागे फिकट पट्टी असेल तर दोन रचना जोडल्या गेल्या आहेत. विहिरीतच चकाकी असेल तर गठ्ठे झाले आहेत. पट्टी खाली पसरत लांब डाग झाली तर तुकडे पडले आहेत. तळाशी स्टेपलची चकाकी. यात फसवणारी जागा अशी की काही स्टेपल मधेच तुटले तरी रचना बाकीच्यांच्या आधाराने एकत्र राहते आणि पट्टी जागची हलत नाही. शिवाय जेलमध्ये आपणच ११ मिलिमोलर मॅग्नेशियम दिलेलं असतं, त्यात थोडी सैल झालेली रचना परत आवळली जाऊ शकते. पट्टी जागेवर आहे याचा अर्थ रचना काम करते असा घेऊ नका.

म्हणून निवडक वेळांचे नमुने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली न्या. पवईच्या आयआयटीत सैफ ही उपकरण सुविधा बाहेरच्यांनाही शुल्क घेऊन मोजणी करून देते. ठाण्याहून जाणं अवघड नाही. द्राव नमुना नेण्यापेक्षा ग्रिड, म्हणजे नमुना ठेवायची बारीक जाळी, आपल्याच प्रयोगशाळेत रंगवून, पूर्ण वाळवून, ग्रिडच्या डबीत सिलिका जेलसोबत नेलेलं चांगलं. लोकलच्या गर्दीत बर्फाचा डबा सांभाळायला नको आणि वाटेत नमुना बदलत नाही. रंगवायला युरेनिल फॉर्मेट २ टक्के. हे क्षार विषारी आणि किंचित किरणोत्सारी आहेत, सांडपाण्यात ओतू नका. संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारूनच विल्हेवाट लावा.

पाचवी पायरी: संरक्षण निवडणं

दोष कळला की इलाज ठरवता येतो. नुसतं मिठाचं दुखणं असेल तर आधी आराखडाच बदलता येतो का पाहा. २०१५ मध्ये स्वीडनच्या गटाने दाखवलेल्या जाळीदार, पोकळ बांधणीच्या रचना शरीरातल्या पातळीच्या मिठात घडतात आणि टिकतात. न्यूक्लिएजचा त्रास असेल तर मात्र आवरण लागतं.

नव्या माणसाने पहिल्यांदा के१०-पीईजी५के वापरून पाहावं असं मी सांगेन: लायसिन या धनप्रभारी अमिनो आम्लाच्या दहा रेणूंची साखळी आणि तिला जोडलेलं ५ किलोडाल्टनचं पीईजी. शिह यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की नुसत्या लायसिन साखळीने कमी मिठात स्थैर्य येतं आणि डीएनेझपासून दहापटीपर्यंत संरक्षण मिळतं, पण प्रमाण वाढवलं की गठ्ठे होतात. पीईजी जोडलेल्या साखळीने गठ्ठे टळतात आणि सीरमच्या न्यूक्लिएजपासून हजारपटीपर्यंत संरक्षण मिळतं. मिसळायचं, खोलीच्या तापमानाला थोडा वेळ ठेवायचं, झालं.

प्रमाण लायसिनमधला नायट्रोजन आणि डीएनएमधला फॉस्फरस यांच्या गुणोत्तराने ठरतं. हिशेब एकदा हाताने करा. ७,२४९ न्यूक्लिओटाइडांची रचना पूर्ण दुपदरी धरली तर फॉस्फेट साधारण १४,५००. ओरिगामी १० नॅनोमोलर असेल तर फॉस्फेट १४५ मायक्रोमोलर. एका साखळीत दहा लायसिन, म्हणून एकास एक गुणोत्तरासाठी साखळी १४.५ मायक्रोमोलर. स्टेपल काढून टाकले नसतील तर त्यांचे फॉस्फेटही यात येतात, आणि दहापट स्टेपलांत ते ओरिगामीपेक्षा कितीतरी जास्त भरतात. अशुद्ध नमुन्यावर आवरण नीट न बसण्याचं हे नेहमीचं कारण.

आवरण चढवलेली ओरिगामी जेलवर भरली की प्रभार झाकला गेल्यामुळे ती विहिरीतून हलत नाही, आणि नवखे घाबरतात. भरण्याआधी कॉन्ड्रॉइटिन सल्फेटसारखा ऋणप्रभारी बहुवारिक जास्त प्रमाणात घालून आवरण उतरवा, मग आतली रचना दिसेल.

याहून जास्त काळ हवा असेल तर त्याच लायसिनच्या थराला ग्लुटारल्डिहाइडने गाठी मारता येतात. संरक्षण आणखी कितीतरी पटींनी वाढतं, पण आवरण मग सहज उतरत नाही. म्युनिकच्या हेंड्रिक डिट्झ यांच्या गटाने २०१८ मध्ये वेगळी वाट दाखवली: धाग्यांच्या टोकांना जादा थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) ठेवायचे आणि ३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाने शेजारशेजारचे थायमिन एकमेकांना जोडायचे. त्या रचना ९० अंशांपर्यंत आणि मॅग्नेशियम नसलेल्या पाण्यातही टिकल्या. यासाठी स्टेपलचा क्रम मागवतानाच विचार करावा लागतो, आणि रंगद्रव्य किंवा प्रतिपिंड जोडण्याआधी प्रकाश द्यावा लागतो. लिपिडचा पदर, सिलिकाचा थर हेही मार्ग आहेत. पहिल्या प्रकल्पात त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कोणतंही आवरण घातलं की एक तपासणी आलीच. ॲप्टामर अजून आपल्या लक्ष्याला धरतो का? कुलूप उघडतं का? आवरणाखाली ते गाडलं गेलं असेल तर टिकाऊ पण निरुपयोगी वस्तू हाती येते.

पेशींपर्यंत गेल्यावर

रंगद्रव्य जोडलेली ओरिगामी पेशींना दिली, आत लाल चकाकी दिसली, म्हणजे ओरिगामी आत गेली, हा निष्कर्ष घाईचा आहे. २०१९ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की डीएनए रचना बाहेरच तुटते, रंगद्रव्य लागलेले बारीक तुकडे पेशीत शिरतात आणि चित्र अगदी हवं तसंच दिसतं. म्हणून रंगद्रव्य लागलेला एकच न्यूक्लिओटाइड स्वतंत्रपणे देऊन तुलना करा. शक्य असेल तर रचनेवर दोन रंगद्रव्यं अशा अंतरावर ठेवा की ती शाबूत असेपर्यंतच एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाईल. तुटली की ती खूण बंद पडते.

प्राण्यांवरच्या किंवा प्रतिकारक पेशींवरच्या प्रयोगाआधी एंडोटॉक्सिन तपासायलाच हवं. स्कॅफोल्ड ई. कोलाय जिवाणूत वाढवलेल्या विषाणूतून येतो, सोबत जिवाणूच्या भिंतीतला लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच एंडोटॉक्सिन, येतो, आणि मॅक्रोफेज या प्रतिकारक पेशी त्याला ओरिगामीपेक्षा जोराने प्रतिसाद देतात. ट्रायटन एक्स-११४ या डिटर्जंटने धुऊन तो कमी करता येतो. धुवायचं ते स्कॅफोल्ड, घडणीच्या आधी, म्हणजे तयार रचनेचं नुकसान होत नाही. तपासणी नालखेकड्याच्या रक्तपेशींपासून बनणाऱ्या एलएएल चाचणीने करा, ती नुसत्या ओरिगामीवर आणि आवरण चढवलेल्या ओरिगामीवर वेगवेगळी करा. धनप्रभारी साखळी एंडोटॉक्सिनला चिकटून त्याला चाचणीपासून लपवू शकते. म्हणून नमुन्यात माहीत असलेलं एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळा आणि ते ५० ते २०० टक्क्यांच्या मर्यादेत परत मोजलं जातं का ते पाहा. ते जुळलं नाही तर नमुना आणखी विरळ करून चाचणी पुन्हा लावा.